पत्र्याखालच्या काचपट्ट्या

मॅडम, तुमच्या स्लाइड्स गेल्या. हे वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवते आहे आणि ते कुणाला सांगावं हेच कळत नाही. घरी सांगितलं तर सगळे हळहळतात, पण ती हळहळ माझ्यासाठी असते, स्लाइड्ससाठी नसते. कॉलेजात सांगितलं तर विचारतात, कोणत्या स्लाइड्स? त्या काचपट्ट्यांवर काय होतं हे पुरतं ठाऊक असलेली माणसं दोनच होती, तुम्ही आणि मी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की विभागाच्या दारावरची तुमच्या नावाची पाटी कधी निघाली, हेही आता कुणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरची मुलगी. तुमच्या वर्गात आले तेव्हा वनस्पतिशास्त्र म्हणजे फुलांची चित्रं काढायची, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच प्रॅक्टिकलला तुम्ही प्रत्येकीच्या हातात तुरीची हिरवी काडी आणि अर्धं ब्लेड दिलंत आणि म्हणालात, आडवा काप घ्या, इतका पातळ की पाण्यात टाकल्यावर शोधावा लागला पाहिजे. मी काडी हलू नये म्हणून गाजराच्या चिरेत धरली, जीव एकवटून कापली आणि काचेच्या वाटीत टाकली. तुम्ही वाकून बघितलंत. "हा काप आहे? ही फोड आहे, बाई. तुरीचं लोणचं घालायचंय का तुला?" सगळा वर्ग हसला. मी ठरवलं की उद्यापासून या बाईंच्या तासाला यायचं नाही. पण तुम्ही पुढे गेलाच नाहीत. मागे येऊन उभ्या राहिलात आणि माझं मनगट धरलंत. तुमचे हात थंडगार, त्यांना स्पिरिटचा वास. "दाबू नकोस. ब्लेड ओढायचं. हात घाबरला की काप जाड येतो." किती काड्या वाया गेल्या कोण जाणे. शेवटी एक काप असा आला की वाटीत दिसेना. तुम्ही तो ब्रशच्या टोकाने उचललात, रंगात बुडवलात आणि मायक्रोस्कोपखाली सरकवून बाजूला झालात. मी डोळा लावते. आत लाल-हिरव्या रेषांचा एक गोल आहे, एकेका पेशीची भिंत वेगळी दिसते आहे, जलवाहिन्यांची भोकं मोठी, रसवाहिन्यांची बारीक, आणि त्या सगळ्यांत काही म्हणजे काही उगाच नाही. मला ईदच्या आदल्या दिवशी तळहातावर रेखलेली मेंदी आठवली. मी डोळा काढेना तशा तुम्ही म्हणालात, "पुरे आता, बाकीच्या रांगेत आहेत." पण त्या म्हणण्यात राग नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

कापसाचं तुम्ही पुढे शिकवलंत. सरकीवरचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, आधी ती लांब होते आणि मग आतून तिची भिंत थरावर थर चढून जाड होते. तेव्हा पाणी कमी पडलं की भिंत भरत नाही आणि धागा कच्चा राहतो. आमच्या घरी तर भाकरीवर, पाण्यात, अंथरुणात, सगळीकडे कापसाची फुणकी उडालेली असायची. मी त्या दिवशी अब्बा घरी येण्याची वाट बघत बसले. ते आले, दारात उभे राहून नेहमीसारखे कपडे झटकले, आणि मी त्यांच्या बाहीवरचा एक तंतू चिमटीत धरून सांगितलं, अब्बा, हा अख्खा तंतू म्हणजे एक पेशी आहे. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "एकच? इतकी लंबी?" मग हसले. "तो फिर बेटा, मैंने आज तक कितनी निगल ली होंगी!" आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. तो खोकला पुढे वाढतच गेला आणि त्यांना घेऊनच गेला. तेव्हा मात्र मी हसले होते.

तुमचं स्वयंपाकघर मला प्रयोगशाळेपेक्षा जास्त आठवतं. बस स्टँडमागच्या त्या दोन खोल्या, ओट्यावर मीठ-हळदीच्या बरण्यांना लागून अल्कोहोलच्या बाटल्या, आणि जुन्या कुकरमध्ये शिजत असलेली झाडाची साल. साल कठीण असते, शिजवून मऊ केल्याशिवाय तिचे काप निघत नाहीत, हे तुमच्या घरमालकीणबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "बाई कायचा काढा घेते काय माईत, रोजच शिजवून राह्यली," असं त्या मला जिन्यात थांबवून विचारायच्या. तुम्ही कापांना एकेक चढत्या अल्कोहोलमधून न्यायच्यात, त्यांच्यातलं पाणी हळूहळू काढून घ्यायच्यात, आणि शेवटी बाल्समचा थेंब टाकून वर पातळ काच ठेवायच्यात. बाल्सम म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा झाडाचा डिंक, वाळला की काचेसारखा स्वच्छ. "यात बसवलं की आपण गेलो तरी काप राहतो," तुम्ही म्हणायच्यात. रमजानमध्ये मी यायची तेव्हा तुम्ही स्वतःही माझ्यासमोर पाणी प्यायच्या नाहीत. सांज झाली की खजुराची वाटी पुढे सरकवायच्यात, आणि मग आपण दोघी बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात खायचो. त्यावर तुम्ही कढत तेल इतकं घालायच्यात की अम्मी म्हणायची, तुझ्या मॅडम नागपूरच्या असल्या तरी हात आपल्याकडचाच आहे.

रविवारी आपण एसटीने पुसदच्या रस्त्याला उतरून डोंगरात जायचो. रोहण, धावडा, सालई, अर्जुन, औषधात जाणारी जी जी साल असेल तिचा बोटभर तुकडा तुम्ही घ्यायच्यात आणि जखमेला माती लिंपायच्यात. मैदालकडीचं झाड तुम्ही मला पहिल्यांदा तिथेच दाखवलंत. हाड मोडलं की हिची साल वाटून लेप देतात, म्हणून लोक हिला बुंध्यापासून सोलून काढतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं, असं तुम्ही सांगितलंत. ते झाडही अर्धं सोललेलंच होतं. तुम्ही त्याची साल घेतली नाहीत, खाली पडलेली एक कपची तेवढी उचललीत. तिच्या स्लाइडमध्ये चिकट रसाच्या मोठाल्या पेशी होत्या, रिकाम्या खोल्यांसारख्या. तशी स्लाइड मला नंतर अमरावतीत विद्यापीठाच्या विभागातही दिसली नाही.

मी अमरावतीला गेले ती तुमच्यामुळेच. अब्बा जिनिंगच्या फाटकाजवळ पट्ट्याचं चाक उघडून बसले होते, आणि तुम्ही कडक इस्त्रीची साडी सांभाळत त्या ग्रीसमध्ये जाऊन उभ्या राहिलात. अब्बा गडबडून उठले, हात पुसायला फडकं शोधू लागले. "मॅडम, पोरगी शिकली तं चांगलंच हाय," ते म्हणाले, "पन इतकं शिकून ते करीन काय?" तुम्ही म्हणालात, "माझ्यानंतर हे काम करायला मला कुणीतरी पाहिजे. मला दुसरं कुणी दिसत नाही." अब्बा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, जणू मी कुणा दुसऱ्याच्या घरची आहे. मग म्हणाले, "असं हाय तं घेऊन जा."

तुम्ही गेलात तेव्हा माझं शेवटचं वर्ष होतं. तुमच्या आजाराचं तुम्ही कुणालाच कळू दिलं नव्हतं. मी नागपूरला तुमच्या भावाच्या घरी आले तेव्हा तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होतात आणि तुमचे केस गेले होते. मी डोक्याकडे बघितलं नाही. तुम्हीच वळलात आणि विचारलंत, "काप कसे येतात?" मी म्हणाले, चांगले येतात. मग तुम्ही म्हणालात, "त्या स्लाइड्सचं काय करायचं ते मी ठरवलंच नाही बघ. वाटलं होतं, ठरवायला वेळ आहे." मला तुम्हाला शब्द द्यायचा होता, मी सांभाळीन म्हणून. पण तुमच्या वहिनी औषध घेऊन आत आल्या, आणि नंतर तुम्हाला झोप लागली. म्हणजे तुम्ही मागितलं नाही आणि मी दिलं नाही. तरी मी तो शब्द दिल्यासारखीच जगले.

एम.एस्सी. झाल्यावर मी आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले आणि तशीच राहिले. जागा निघतील, निघतील, असं ऐकत माझे केस पांढरे झाले. लग्न गावातच झालं. माझ्या मिस्टरांचं मोटारच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, माणूस चांगला आहे. त्यांनी कधी विचारलं नाही की एवढ्या कष्टात मिळतं काय. दर उन्हाळ्यात मी विभागात ठेवलेल्या तुमच्या स्लाइड्सच्या खोक्यांची जागा बदलायची, खिडकीपासून दूर, भिंतीच्या सावलीच्या बाजूला. दर पावसाळ्यात बुरशीसाठी एकेक पट्टी पुसायची. मुलांना दाखवायची. काही मुलं खरंच डोळा लावून बसायची, एखादी मुलगी उठायचीच नाही, आणि त्या दिवशी घरी जाताना मला पाय दुखल्याचं जाणवायचं नाही.

एकदाच त्या स्लाइड्स कुणाच्या उपयोगी पडल्या. तेही सांगते, कारण तुम्हाला ते आवडलं असतं. माझ्या नणंदेला अंगावरून फार जायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून ती बाजारातली अशोकाच्या सालीची भुकटी घेत होती, आणि दिवसेंदिवस पिवळी पडत चालली होती. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "भाभी, दवा सुरू है ना, असर को टाइम लगता." मी ती भुकटी कॉलेजात नेली, काचेवर घेतली आणि शेजारी तुमची अशोकाची स्लाइड ठेवली. तुमच्या सालीत दगडपेशींचे पुंजके होते, जाड भिंतींचे, खडी पसरावी तसे. भुकटीत तसं काही सापडेना. सगळे धाग्यांचे जुडगेच. मग मी कॉलेजच्या कंपाउंडजवळचा तो उंच सरळसोट वाढणारा शोभेचा अशोक सोलला, त्याची साल वाटून पाहिली. तीच भुकटी. मी नणंदेला कॉलेजात बोलावलं आणि स्वतः बघायला लावलं. ती या काचेतून त्या काचेत बघत राहिली. "ये अलग है," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती यवतमाळला यायला तयार झाली. गर्भाशयात गाठ होती, काढावी लागली. आज ती धडधाकट आहे. साल खरी असती तरी डॉक्टरकडे जावंच लागलं असतं, हे मला माहीत आहे. पण ती हलली ती तुमच्या स्लाइडमुळे.

मग मुलं येईनाशी झाली. एके वर्षी वर्गात तीन-चार डोकी, पुढच्या वर्षी तीही नाहीत. प्राचार्य वाईट माणूस नाही, मॅडम, नेरकडचा आहे, माझ्यापेक्षा लहान. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि पेपरवेट फिरवू लागला. "मॅडम, मले समजते तुमचं. पन पोट्टेच नाही तं विभाग कोनासाठी चालवाचा? तिथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करून राह्यलो. त्याले पोरं येतात." मी म्हणाले, माझं काही नाही, त्या स्लाइड्सचं बघा. तो म्हणाला, "लायब्ररीत ठेवतो ना. कुलूप लावून ठेवतो. तुम्ही कायले काळजी करता?" मी अमरावतीला विचारलं, नागपूरला विचारलं. कुणाकडे जागा नव्हती. एका ठिकाणी म्हणाले, फोटो काढून पाठवा. मी घरी न्यायची परवानगी मागितली, तर त्या कॉलेजच्या मालमत्तेत मोडतात, त्याला समितीची मंजुरी लागते, असं कळलं. समितीची बैठक उन्हाळ्यानंतर होणार होती.

एप्रिलमध्ये लायब्ररीला रंग द्यायला काढला, आणि शिपायांनी कपाटं आणि तुमचे खोके उचलून सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली रंगकामाच्या ठेकेदाराकडे, कारण त्याचं सामानही आत होतं. ठेकेदार लग्नासाठी पुसदला गेलेला. मग दुसरं लग्न. मग त्याचा फोन लागेना. मी प्राचार्याकडे गेले, तो म्हणाला, आज येतो म्हणाला आहे. मिस्टर म्हणाले, कुलूप तोडू या; शिपाई हात जोडून म्हणाला, "भाऊ, माह्या नोकरीवर येईन." मी त्या खोलीपाशी जायची आणि पत्र्याला हात लावायची. हात ठेववत नव्हता. तुम्हाला आपल्याकडचा मे माहीत आहे. मी रोज मनाशी म्हणायची, डिंक उन्हाने पाघळतो, पण हा जुना बाल्सम आहे, दगडासारखा झालाय, टिकेल.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर कुलूप उघडलं. शिपायांनी जागा व्हावी म्हणून खोके उभे रचले होते. मी पहिला खोका उघडला तर त्यातून एक पट्टी निघेना. सगळ्या एकमेकींना चिकटून एक वीट झाली होती. दुसऱ्या खोक्यातल्या निघाल्या, पण वरच्या पातळ काचा घसरून खाली आल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत काप. मी एकेक पट्टी दारातल्या उजेडात धरली. कडेला पिवळ्या डिंकाचा ओघळ, त्यात काहीतरी लालसर चुरगळलेलं. रोहण. धावडा. मैदालकडी. कोणती कोणती हे मी खोक्यातल्या जागेवरून ओळखत होते, कारण तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या होत्या. अशोक तेवढा अर्धा शिल्लक होता, दुमडलेला. मिस्टर मागे उभे होते. मग त्यांनी आपला रुमाल जमिनीवर अंथरला, मला बसायला.

प्राचार्य आला, त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. "अरे बापरे," तो म्हणाला. "मॅडम, नव्या नाही करता येनार काय?" मी म्हणाले, नाही येणार. तरी मी गेले, मॅडम. एका रविवारी मिस्टरांची गाडी घेऊन पुसदच्या त्या डोंगरात गेले. सोयाबीन उतारावर चढत चढत पार वर गेलं आहे. एका बाईला विचारलं, मैदालकडी कुठे भेटेल? ती म्हणाली, "ऐकलं हाय बाई, पाह्यलं नाई." मी रोहणाची साल तेवढी आणली, शिजवली, आणि ओट्यापाशी ब्लेड घेऊन बसले. माझा उजवा हात गेली काही वर्षं थरथरतो. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही, चहाचा कप धरता येतोय ना? कप धरता येतो. काप येत नाही. सगळी साल संपेपर्यंत मी कापत राहिले, मग ओटा धुतला आणि पोळ्यांना कणीक भिजवली.

समितीने खोके भंगारात काढले, म्हणून ते आता मला घरी आणता आले. आमच्या पलंगाखाली आहेत. तुमच्या भावाचं नागपूरचं घर विकलं गेलं, तिथे दवाखाना झाला आहे; हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. मी लिहिलं, कारण एक गोष्ट मिस्टरांनाही सांगितलेली नाही. ज्या दिवशी खोके घरी आणले, त्या दिवशी मला वाटलं होतं की मी रडेन, जेवण जाणार नाही. तसं काही झालं नाही. मी पोटभर जेवले. अंथरुणावर पडले आणि लक्षात आलं की आता पुढच्या उन्हाळ्यात मला काही हलवायचं नाही, पावसाळ्यात काही पुसायचं नाही. मॅडम, त्या रात्री मला जशी झोप लागली तशी तुम्ही गेल्यापासून कधी लागली नव्हती.